प्लग बदलले, फिल्टर बदलला, तरी पिकअप नाही. मग आता फ्युएल पंप बदलायचा का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं की गाडी पेट्रोल आहे, १.२ लिटर, टर्बो नाही, मॅन्युअल गिअर, ८५ हजार किलोमीटर झालेत. गेल्या दोनेक महिन्यांत पिकअप हळूहळू कमी होत गेला, ओव्हरटेक करताना पाय पूर्ण दाबला तरी गाडी उचलत नाही, आणि ज्या चढाला तिसऱ्यावर आरामात जायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो. सेल्फ मारला की लगेच स्टार्ट होते, आयडलला शांत, जर्क नाही, मिसिंग नाही, चेक इंजिनचा दिवाही नाही. मेकॅनिकने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली, फरक शून्य, आणि आता तो म्हणतोय फ्युएल पंप बदलूया. तुम्ही विचारताय, बदलू का?

आत्ता लगेच नको. पंप खराब नसेलच असं मी म्हणत नाही, तुमच्या लक्षणांत तो बसतो, पण त्याच लक्षणांत अजून चार गोष्टी बसतात आणि तुम्ही लिहिलंय त्यात कोणी काही मोजलेलं दिसत नाही. मी २२ वर्षं हेच काम करतोय आणि पिकअपच्या तक्रारीत लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होताना बघितलंय, एक पार्ट बदला, फरक नाही, दुसरा बदला, फरक नाही, आणि मूळ दोष आहे तिथेच. हा दोष गाडी उभी असताना दिसत नाही, लोडवर दिसतो, त्यामुळे गॅरेजमध्ये बॉनेट उघडून रेस देऊन बघितलं तर सगळं छानच वाटणार. न्यूट्रलमध्ये रेस द्यायला इंजिनला फारशी ताकदच लागत नाही हो, निम्मा सायलेन्सर बंद असला तरी न्यूट्रलला आरपीएम चढतो.

आधी एक गोष्ट करा जी पुढे प्रत्येक टप्प्याला उपयोगी पडेल. एक मोकळा, सपाट, सुरक्षित रस्ता निवडा, एसी बंद, गाडीत दोन जण, तिसरा गिअर, ४० च्या वेगाला पाय पूर्ण दाबा आणि ८० ला पोचायला किती सेकंद लागले ते शेजारच्याला मोजायला सांगा. दोन्ही दिशांनी दोन-दोन वेळा करा म्हणजे वारा आणि उतार यांचा हिशेब निघून जातो. हा आकडा लिहून ठेवा. पिकअप ही जाणीव आहे आणि जाणीव फसवते, नवीन प्लग टाकले की दोन दिवस गाडी हलकी वाटते आणि मग परत तेच. सेकंदांचा आकडा हातात असला की कोणी "आता बरी वाटते ना?" विचारलं तर तुमच्याकडे खरं उत्तर असतं.

आता मूळ मुद्दा. पिकअप नाही ही एक तक्रार वाटते पण तिच्या आत तीन वेगळे आजार असतात. एक, इंजिन ताकदच बनवत नाहीये. दोन, इंजिन बनवतंय पण ती चाकापर्यंत पोचत नाही. तीन, चाकापर्यंत पोचतेय पण काहीतरी गाडीला मागून धरून ठेवतंय. बहुतेक मेकॅनिक थेट पहिल्यावर उडी मारतात कारण प्लग, फिल्टर, पंप हे सगळं तिथलं. मी उलटा जातो, दुसरं आणि तिसरं आधी, कारण ते तपासायला काही खोलावं लागत नाही आणि अर्ध्या तासात निकाल लागतो.

क्लच बघायचा असा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरला साधारण २००० आरपीएमला गाडी चालू द्या आणि पाय पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा आणि स्पीडचा काटा जोडीने हळूहळू वर गेले तर क्लच ठीक. आरपीएम एकदम उसळला आणि स्पीड तिथेच राहिला तर क्लच प्लेट घसरतेय, इंजिन निर्दोष आहे, जळका वास पण येईल. वरच्या गिअरला करायचं कारण असं की तिथे क्लचवर सगळ्यात जास्त ताण येतो, पहिल्या-दुसऱ्याला घसरणारी प्लेट सुद्धा पकडल्यासारखी वाटते. ८५ हजार किलोमीटर, त्यात शहरातलं हाफ क्लचवर चालवणं असेल तर क्लच संपणं काही नवल नाही. तुम्ही लिहिलंय की ओव्हरटेकला गाडी उचलत नाही, पण तेव्हा आरपीएम वाढतो का नाही हे लिहिलेलं नाही, आणि मला सगळ्यात आधी तेच ऐकायचंय.

ब्रेक धरतोय का हे बघायला दहा-पंधरा किलोमीटर चालवा, शेवटचे एक-दोन किलोमीटर ब्रेक शक्यतो लावू नका, गाडी आपोआप हळू होऊ द्या, थांबवा आणि चारही चाकांच्या जवळ तळहात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर त्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड दाबणारा भाग, जाम आहे किंवा हँडब्रेकची केबल पूर्ण सुटत नाहीये. हलक्या उतारावर न्यूट्रलला सोडली की पूर्वीसारखी सहज घरंगळते का तेही बघा, इंजिन चालूच ठेवून, म्हणजे ब्रेकला ताकद राहते. टायरमध्ये हवा कमी असेल किंवा मध्ये कधी मोठ्या साइजचे टायर टाकले असतील तरी गाडी जड होते, पण ते तुम्हाला माहीत असेलच.

आणि हो, पेडल. हसू नका, पण चावी ऑन करून इंजिन बंद ठेवून खाली वाकून बघा की पाय पूर्ण दाबल्यावर पेडल खरंच शेवटपर्यंत जातंय का. मॅटवर मॅट टाकल्याने पेडल तीन चतुर्थांशलाच अडकतंय अशा गाड्या माझ्याकडे आलेल्या आहेत, एकीचे तर त्याआधी इंजेक्टर काढून साफ करून झाले होते.

हे तिन्ही ठीक निघालं की मग इंजिन. इथे थोडं सविस्तर लिहितो कारण तुमचा निर्णय इथेच होणार आहे.

पेट्रोल इंजिनला ताकद बनवायला हवा, पेट्रोल, योग्य वेळी ठिणगी आणि दाब एवढंच लागतं. तुमच्या गाडीत जर्क नाही, मिसिंग नाही, फक्त दम नाही. ठिणगीचा दोष असता तर लोडवर गाडी झटके देते, एखादा सिलिंडर सोडून देतो, आणि आजकालचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिनच्या फिरण्याच्या वेगातला फरक ओळखून पी ०३०० ते पी ०३०४ असा दोषाचा कोड टाकतो. म्हणून प्लग बदलून फरक पडला नाही याचं मला आश्चर्य नाही. एअर फिल्टरचंही तसंच, तो अगदी चोंदला असेल तर वरच्या आरपीएमला फरक पडतो, पण दोन महिन्यांत चढाला गिअर खाली टाकायची वेळ येईल इतका क्वचितच.

राहिल्या दोन मोठ्या शक्यता. इंजिनला पेट्रोल कमी पडतंय, किंवा इंजिनमधून हवा पुरेशी वाहत नाहीये. दोन्हीत गाडी चालवताना अगदी सारखंच वाटतं, गुळगुळीत पण दम नसलेली, आरपीएम वाढवला की घुसमटल्यासारखी. फरक फक्त आकड्यांत दिसतो.

त्यासाठी स्कॅनर लागेल, मोठा नको, ओबीडी सॉकेटला, म्हणजे स्कॅनर जोडायला गाडीत दिलेल्या सॉकेटला, लावायचं छोटं ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर आणि फोनवरचं अ‍ॅप पुरतं, फक्त लाइव्ह डेटा रेकॉर्ड करणारं अ‍ॅप घ्या. गाडी चालवताना तुम्ही फोनकडे बघायचं नाही, शेजारी माणूस बसवा किंवा रेकॉर्ड करून नंतर घरी बघा. कोड नाही म्हणून स्कॅनर लावायचा नाही असं बरेच जण करतात, ते चूक आहे. ईसीयू ताकद मोजत नाही, तो सेन्सरचे आकडे हद्दीत आहेत का एवढंच बघतो, आणि हद्दी बऱ्यापैकी सैल असतात. गाडीची ताकद बरीच कमी झालेली आणि दिवा नाही अशा गाड्या मी कितीतरी बघितल्यात.

पहिले बघायचे ते फ्युएल ट्रिम, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. ईसीयू एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडून बघत असतो की मिश्रण बरोबर आहे का, म्हणजे १ भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, आणि कमी-जास्त वाटलं तर आपल्या हिशेबात टक्केवारीने दुरुस्ती करतो. ती टक्केवारी म्हणजे ट्रिम. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, पाच-सात इकडेतिकडे असेल तर निवांत. प्लस दहाच्या वर गेली तर ईसीयू म्हणतोय की मला पेट्रोल वाढवावं लागतंय, मायनस दहाच्या खाली म्हणजे कमी करावं लागतंय. प्लस २० ते २५ च्या पुढे टिकून राहिलं तर साधारणपणे पी ०१७१ हा लीनचा, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा, कोड येतो, त्याच्या आधीपर्यंत दिवा गप्प.

हे ट्रिम तीन वेळा बघा, इंजिन गरम झाल्यावर आयडलला, मग ६०-७० च्या स्थिर वेगाला, आणि मग चढाला किंवा निम्म्याच्या वर पेडल दाबून. आयडलला प्लस मोठा आणि आरपीएम वाढवला की नॉर्मल होतो तर इनटेकच्या, म्हणजे हवा आत येण्याच्या, बाजूला कुठेतरी हवा खातंय, फाटलेला पाइप, सुटलेली व्हॅक्यूम नळी. आयडलला ठीक आणि लोड वाढेल तसा प्लस वाढत जातो तर उलटं, पेट्रोल पुरत नाहीये किंवा हवा मोजणारा सेन्सर म्हणजे मास एअर फ्लो सेन्सर घाण होऊन हवा कमी दाखवतोय.

मग पूर्ण पेडल. पाय पूर्ण दाबला की ईसीयू ट्रिम बाजूला ठेवतो आणि मुद्दाम जास्त पेट्रोल टाकतो, साधारण १२.५ ते १३ ला १ असं, कारण तिथे ताकद जास्त मिळते आणि इंजिन थंड राहतं. साध्या ऑक्सिजन सेन्सरवर तेव्हा ०.८ व्होल्टच्या वर आकडा दिसायला हवा आणि पेडल दाबलेलं असेपर्यंत तिथेच टिकायला हवा. तो ०.८ ला जाऊन मग आरपीएम वाढेल तसा ०.२ कडे घसरला तर पेट्रोल कमी पडतंय, इथे तुमच्या मेकॅनिकचा पंपाचा अंदाज खरा व्हायला लागतो. एक सावधगिरी, पाय उचलला की ईसीयू पेट्रोल बंदच करतो आणि आकडा शून्याकडे जातो, तो दोष नाही, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये पेडलचा आकडा सोबत ठेवा. अजून एक, बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो, त्याचा व्होल्ट असा वाचता येत नाही, तिथे लॅम्डा बघा, म्हणजे मिश्रणाचा आकडा भागिले १४.७, पूर्ण पेडलला एकच्या खाली, ०.८५ ते ०.९ च्या आसपास पाहिजे.

आता हवा. हा हिशेब मी शिकाऊ पोरांना पाटीवर करून दाखवतो कारण तो एकदा कळला की आंधळेपणाने पार्ट बदलणं सुटतं. तुमचं इंजिन १.२ लिटर, फोर स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत मिळून एकदा १.२ लिटर हवा ओढतं. ५००० आरपीएमला मिनिटाला २५०० वेळा, म्हणजे ३००० लिटर. एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅमची, म्हणजे मिनिटाला ३६०० ग्रॅम, सेकंदाला ६०. साधं बिनटर्बो इंजिन शंभर टक्के भरत नाही, ८० ते ९० टक्के भरतं, म्हणजे पूर्ण पेडलला ५००० आरपीएमला मास एअर फ्लोचा आकडा साधारण ४८ ते ५४ ग्रॅम प्रति सेकंद यायला हवा. उंचावर राहत असाल तर हवा विरळ, दर हजार मीटरला साधारण दहा टक्के कमी धरा. तुमचा आकडा ४५-५० आला तर इंजिन श्वास नीट घेतंय. ३०-३५ आला तर इंजिनात हवा जातच नाहीये, किंवा सेन्सर खोटं बोलतोय.

खोटं बोलतोय का हे कसं ओळखायचं? ट्रिमवरून. सेन्सर घाण असेल तर तो हवा कमी दाखवणार, ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोल कमी टाकणार, मिश्रण लीन होणार, लोडवर ट्रिम प्लसमध्ये जाणार. पण हवा खरोखरच कमी जात असेल तर सेन्सर खरंच सांगतोय, पेट्रोलही त्याच प्रमाणात पडतंय, ट्रिम नॉर्मल, ऑक्सिजन सेन्सर पूर्ण पेडलला छान ०.८ च्या वर, सगळं हद्दीत, दिवा नाही, फक्त ताकद नाही. तुमचं वर्णन वाचून मला सगळ्यात जास्त संशय याच जागेचा येतोय. नक्की नाही सांगत, आकडे बघितल्याशिवाय नक्की सांगणार नाही, पण हळूहळू दोन महिन्यांत, गुळगुळीत, कोड नसलेली ताकदीची घट म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, थोडक्यात कॅट, चोंदत चाललाय का हे बघितल्याशिवाय मी पंपाला हात लावणार नाही.

तुमच्या गाडीत मास एअर फ्लो सेन्सर नसेल, फक्त मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा, असेल, लहान गाड्यांत बऱ्याचदा तसंच असतं, तर हा हवेचा आकडा अ‍ॅप स्वतः अंदाजाने काढतं, त्यावर विसंबू नका. तिथे असं बघा, इंजिन बंद, चावी ऑन असताना मॅपचा आकडा लिहून घ्या, समुद्रसपाटीला तो शंभर किलोपास्कलच्या आसपास असतो. आयडलला ३० ते ४०. पूर्ण पेडलला परत बंद इंजिनच्या आकड्याच्या जवळ जायला हवा. पूर्ण पेडलला तो खूप खालीच राहिला तर हवा आत येण्याच्या बाजूला अडथळा आहे किंवा थ्रॉटल पूर्ण उघडत नाही. आकडा वर जातोय तरी दम नाही, आणि लोडवर ट्रिम मायनसमध्ये झुकतोय तर एक्झॉस्टचा संशय पक्का करा, कारण जळलेला धूर बाहेर न गेल्याने सिलिंडरमध्ये ताज्या हवेला जागाच राहत नाही, ईसीयूला मात्र मॅपवरून भरपूर हवा आल्यासारखं वाटतं आणि तो जास्त पेट्रोल टाकतो.

कॅट चोंदलाय हे सिद्ध करायची पद्धत सोपी आहे पण गॅरेजमध्येच करा. कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज बसवायचा. आयडलला एक-सव्वा पीएसआयच्या आत, आणि २५०० आरपीएमला धरून ठेवल्यावर तीनच्या आत राहायला हवं. त्याच्यावर गेलं आणि धरून ठेवताना वाढतच राहिलं तर पुढे अडलंय. गेज नसेल तर इनटेकला व्हॅक्यूम गेज लावून २५०० ला मिनिटभर धरा, निरोगी इंजिनला काटा एका जागी थांबतो, चोंदलेल्याला हळूहळू खाली येत राहतो.

एक गाडी आठवते, जवळजवळ तुमच्यासारखीच तक्रार. माझ्याकडे यायच्या आधी दुसरीकडे पंप बदलून झाला होता, इंजेक्टर साफ झाले होते, सेन्सरही नवा होता. हवेचा आकडा २९ च्या वर जाईना, ट्रिम एकदम सरळ. गेज लावला तर २५०० ला सहा पीएसआय आणि चढता. कॅट काढला, आतली सिरॅमिकची जाळी वितळून तिचा गोळा झालेला. मग मालकाला विचारलं, मागे कधी मिसिंग होतं का, तर म्हणाले हो, वर्षापूर्वी प्लगला वीज देणारी एक कॉइल गेली होती, दोन-तीन महिने तशीच चालवली. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं, तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकतं, आणि जाळी सहन करत नाही. म्हणून तुम्हालाही विचारतो, मागच्या वर्ष-दीड वर्षात कधी मिसिंग, कधी लुकलुकणारा चेक लाइट, किंवा इंजिन ऑइल खातंय का? तसं काही असेल तर ते आधी दुरुस्त करायचं, नाहीतर नवीन कॅट त्याच वाटेने जातो.

हवा कमी पण एक्झॉस्ट मोकळा निघाला तर मग टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडतात का. चेन एक दात सरकली किंवा व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगचा सोलेनॉइड अडकला तरी इंजिन असंच दमतं. यात आयडलचा मॅपच जास्त येतो, ३५ ऐवजी ४५-५०, आणि कॉम्प्रेशन टेस्टला सगळे सिलिंडर सारखेच कमी दिसतात. साधारण १० ते १४ बार असायला हवं, गाडीच्या मॅन्युअलचा आकडा शेवटचा, आणि सिलिंडरा-सिलिंडरात दहा-पंधरा टक्क्यांच्या वर फरक नको. एकच सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. आयडल शांत असलेल्या गाडीत ही शक्यता मी खाली ठेवतो. इंजिन ऑइलची पातळी मात्र आजच बघा, त्या सोलेनॉइडला ऑइलच्या दाबावरच काम करायचं असतं.

आता पंप. समजा पूर्ण पेडलला ऑक्सिजन सेन्सर घसरतोय, लोडवर ट्रिम प्लसमध्ये आहे, हवेचा सेन्सर साफ करूनही तेच. मग फ्युएल प्रेशर मोजायचं, इंजेक्टर इनटेकमध्ये असलेल्या साध्या गाडीला बहुतेक ३ ते ४ बार, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये, आणि तो आयडलला बघून उपयोग नाही, लोडवर टिकतो का ते बघायचं. पेट्रोलच्या प्रेशर लाइनवर काम आहे, घरी करू नका, आग लागायला एक ठिणगी पुरते.

दाब कमी निघाला तरी थांबा, अजून एक मोजमाप आहे आणि ते मी स्वतः चुकून शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गाडीचा दाब लोडवर पडत होता, मी पंप बदलला, गाडी पळायला लागली, आणि तीन आठवड्यांनी तीच तक्रार घेऊन परत आली. पंपाच्या कनेक्टरची अर्थिंगची पिन जळून काळी पडली होती, नवीन पंप बसवताना कनेक्टर काढून घातला म्हणून काही दिवस पकडलं एवढंच. त्या माणसाला मी नको असलेला पार्ट घ्यायला लावला याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून आधी पंपाच्या कनेक्टरवर, पंप चालू असताना, व्होल्टेज मोजतो. बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडतंय तर आधी वायरिंग, रिले, अर्थिंग. ज्या गाड्यांत पंपाचा वेग वेगळ्या मॉड्यूलने कमी-जास्त होतो तिथे हे साध्या मीटरने कळत नाही, तिथे पंपाला पूर्ण वेगाने चालवायची कमांड देणारा स्कॅनर लागतो. फिल्टर टाकीच्या बाहेर असेल तर तोही आधी. पंप थकलाय याची रस्त्यावरची खूण म्हणजे टाकी कमी असताना आणि तासभर चालवल्यावर त्रास जास्त, सकाळी गार गाडीला कमी. चोंदलेला कॅट बहुतेक टाकी भरलेली असो की नसो सारखाच त्रास देतो.

ज्यांची गाडी टर्बो डिझेल आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं, कारण तक्रार तीच असली तरी रस्ता वेगळा आहे. तिथे सगळ्यात आधी ईसीयूने मागितलेला बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, आणि मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी बघा, मिळालेला कमी असेल तर इंटरकूलरचे पाइप, क्लॅम्प, त्यांच्यावरचे ऑइलचे ओले डाग, मग टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर, मग उघडी अडकलेली ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, नसलेल्या गाडीत धूर बरंच सांगतो, काळा धूर आणि दम नाही तर डिझेल येतंय पण हवा कमी आहे, धूरच नाही आणि दमही नाही तर डिझेल कमी पडतंय, फिल्टर आणि रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरला मिळणारा डिझेलचा दाब, बघा. डीपीएफ असेल तर धूर दिसत नाही, त्याच्या आधीचा-नंतरचा दाबाचा फरक बघावा लागतो. गाडी एकदम ठरावीक आरपीएमच्या वर जातच नसेल तर तो लिम्प मोड, म्हणजे दोष दिसल्यावर ईसीयूने मुद्दाम कमी केलेली ताकद, तिथे कोड असतोच, तो वाचा.

तर तुमच्यासाठी क्रम असा. आज पेडल आणि ऑइलची पातळी. उद्या मोकळ्या रस्त्यावर सेकंदांचा आकडा, क्लच, गरम चाक. मग अ‍ॅडॉप्टर लावून एका फेरीत आरपीएम, पेडल, ट्रिम दोन्ही, ऑक्सिजन सेन्सर, मॅप किंवा हवेचा आकडा, तिसऱ्या गिअरला ४० पासून पूर्ण पेडलने, इंजिन ५००० ला जाईपर्यंत, आरपीएम रेडलाइनच्या खूप आत ठेवून. मेकॅनिकशी भांडू नका, त्याचा अंदाज चुकीचा आहे असं मी म्हणत नाहीये, त्याला एवढंच सांगा की पंप बदलायच्या आधी लोडवरचा दाब, कनेक्टरवरचं व्होल्टेज आणि एक्झॉस्टचा दाब हे तीन आकडे मला लिहून द्या. चांगला माणूस असेल तर त्याला याचा राग येणार नाही, उलट बरंच वाटेल.

दुरुस्ती काहीही झाली तरी गॅरेजमधून निघाल्यावर परत त्याच रस्त्यावर, त्याच गिअरला, ४० ते ८० मोजा आणि आधीच्या आकड्याशेजारी लिहा. सेकंद कमी झाले नसतील तर गाडी त्याच दिवशी परत न्या. आणि रस्त्यावरच्या फेरीचे आकडे मिळाले की इथे टाका, पूर्ण पेडलला हवा किती आणि ऑक्सिजन सेन्सर कुठे, एवढं कळलं तरी पंप का कॅट हे बऱ्याच खात्रीने सांगता येईल.